‘भात आडवे’ : शब्दाचे तीन अर्थ आणि गोव्यातील मराठी

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या याच स्तंभात एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. परतीच्या पावसाने झालेल्या नुकसानीच्या बातमीला आपण ‘सत्तरीत भात आडवे’ असा मथळा दिला होता आणि त्यावर त्यांचा आक्षेप होता. भात म्हणजे शिजवलेला तांदूळ, तो पानात वाढतात, तो शेतात उभा नसतो आणि आडवाही होत नाही, म्हणून ‘भातपीक’ हा शब्द हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यावर ते थांबले असते तर मी लिहिले नसते. परंतु पत्राच्या अखेरीस त्यांनी असे विधान केले की, शब्दाचा अर्थ कोशात दिला असेल तेवढाच खरा, त्यापलीकडचे सारे वाचणाऱ्याच्या मनाचे खेळ असतात आणि वर्तमानपत्राने त्या खेळांची जबाबदारी घेण्याचे कारण नाही. डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत २७ वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले आहे. हे विधान अनुत्तरित राहू नये असे मला फार वाटते, कारण याच समजुतीपोटी एकदा माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला होता. त्याविषयी पुढे लिहीतच आहे.

प्रथम भाताविषयी. कोशाचाच आधार घ्यायचा म्हटले तरी हा आक्षेप टिकत नाही. भाताची लावणी, भाताची मळणी, भाताचे खाचर हे प्रयोग सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. शेतातले पीक, त्याचे टरफलासकट दाणे आणि शिजवलेले अन्न, या तिन्हींना मराठीत भात म्हणतात. गोव्यात मात्र आणखी एक गोष्ट घडते. ज्याच्या घरात कोकणी बोलली जाते, त्याच्या लेखी भात म्हणजे शेतातले किंवा कणगीतले. ताटात येते ते शीत. उलट मराठीत शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एकच कण. मी आठवीच्या वर्गात ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीचा अर्थ विचारला, तेव्हा एका शेतकऱ्याच्या मुलाने उत्तर दिले की, जेवणातले शीत कसे लागते त्यावरून शेतातले भात कोणत्या जातीचे आहे ते ओळखणे. वर्गातले कोणीही हसले नाही, कारण बहुतेकांना तेच उत्तर बरोबर वाटत होते. त्या मुलाच्या घरी नदीकाठच्या खाजनात, म्हणजे खाऱ्या जमिनीत, कोरगुट जातीचे भात पिकत असे, आणि कोरगुटाचे शीत जिभेला लगेच ओळखू येते. त्याने लावलेला वाच्यार्थ मराठीच्या रूढ वाच्यार्थाहून पूर्णपणे वेगळा होता. तरीही थोड्या नमुन्यावरून सगळ्याची पारख करावी, हे म्हणीला जे सुचवायचे आहे, ते त्याला नेमके पोचले होते. पायरी वेगळी असूनही मुलगा योग्य ठिकाणी पोचला, याचे मला तेव्हा नवल वाटले आणि आजही वाटते.

शब्दाच्या या सामर्थ्याचा आपल्या परंपरेत हजार वर्षांहून अधिक काळ विचार झालेला आहे, आणि शाळेत ‘शब्दशक्ती’ या नावाने आपण जे शिकतो ते त्याच विचाराचे अगदी आटलेले रूप आहे. ‘या शब्दाने हा अर्थ समजावा’ असा जो संकेत समाजात ठरलेला असतो, त्यातून थेट मिळणारा तो वाच्यार्थ, आणि तो देणारी शक्ती ती अभिधा. वाच्यार्थ जेव्हा लागू पडत नाही, तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आपण घेतो. तो लक्ष्यार्थ आणि त्याची शक्ती लक्षणा. अकराव्या शतकातील काव्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मूळ अर्थाला बाध आला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध असला पाहिजे, आणि तसे बोलण्याला रूढीचा किंवा काही प्रयोजनाचा आधार असला पाहिजे. आपल्याच पहिल्या पानावरचे उदाहरण घ्यायचे तर ‘पर्वरीने प्रस्ताव फेटाळला’ हे वाक्य पाहावे. पर्वरी हे गाव आहे. गाव प्रस्ताव फेटाळू शकत नाही. परंतु विधानसभा आणि सचिवालय तेथे आहे, आणि सरकारला त्याच्या ठिकाणावरून ओळखण्याची रूढी जुनी आहे. तिन्ही अटी पूर्ण झाल्या म्हणून वाचक क्षणभरही अडखळत नाही. कोशात पर्वरीचा अर्थ ‘राज्य सरकार’ असा सापडणार नाही, आणि तरीही तो वाचकाच्या मनाचा खेळ आहे असे कोणी म्हणणार नाही.

वाच्यार्थाला बाध आला की लक्षणाच असली पाहिजे, असे मात्र नाही. माझी जाऊ मूळची सातारची. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात तिने वर्तमानपत्रात शिरगावच्या जत्रेची बातमी वाचली आणि ‘धोंडांची रीघ लागली म्हणजे काय?’ असे तिने मला विचारले. घाटावरच्या मराठीत धोंड म्हणजे मोठा दगड, आणि त्यावरून गळ्यात पडलेली नकोशी जबाबदारी. दगड रांग लावू शकत नाहीत, हा बाध तिला जाणवला होता. पण तेथून पुढे नेणारा कोणताही संबंध तिला सापडत नव्हता. सापडणार तरी कसा? गोव्यात लईराई देवीच्या व्रतस्थ भक्ताला धोंड म्हणतात, वैशाख शुद्ध पंचमीला तो होमखणातून, म्हणजे निखाऱ्यांवरून, चालतो, आणि हा शब्द आमच्या कानाला दगडाची आठवणही करून देत नाही. आमच्यासाठी हा सरळ वाच्यार्थ आहे, केवळ संकेत ठरवणारा समाज वेगळा आहे. १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अनेक शब्दांपुढे ‘(गो.)’ अशी खूण दिलेली आढळते, ती याच जाणिवेने. म्हणून कोशाचा हवाला देणाऱ्याने कोणत्या भूमीतल्या संकेताविषयी आपण बोलत आहोत, हे आधी पाहिले पाहिजे.

आता ज्याला मी सहचारी अर्थ म्हणते त्याकडे येते. शास्त्रातील त्रिविध विभागणीत याला स्वतंत्र खाना नाही. त्याचा काही भाग लक्षणेत जातो, काही व्यंजनेत, म्हणजे शब्द थेट न सांगता जे सुचवतात त्यात. पण व्यवहारात तो इतका ठसठशीत असतो की, त्याला वेगळे नाव दिल्यावाचून राहवत नाही. शब्द ज्या माणसांबरोबर, ज्या प्रसंगांबरोबर वर्षानुवर्षे वावरला, त्यांचा जो वास त्याला लागून राहतो, तो हा अर्थ. आपल्या नदीचे उदाहरण यासाठी सर्वांत स्पष्ट आहे. कर्नाटकातून सत्तरीत उतरणारी आणि पणजीजवळ समुद्राला मिळणारी नदी एकच आहे. वर तिला म्हादई म्हणतात, खाली मांडवी. दोन्ही नावांनी निर्देश होतो तो एकाच पाण्याचा. तरीही ‘मांडवी’ म्हटले की पणजीचे पूल, फेरीबोटी, रात्री उजळणाऱ्या कॅसिनोच्या बोटी डोळ्यांपुढे येतात, आणि ‘म्हादई’ म्हटले की तिचे पाणी वळवण्याचा कर्नाटकाचा कळसा-भांडुरा प्रकल्प, २०१० मध्ये नेमलेला लवाद, २०१८ चा निवाडा आणि आटण्याची भीती. ‘म्हादई वाचवा’ या घोषणेत ‘मांडवी’ हा शब्द घालून पाहावा. वाच्यार्थात रतिमात्र फरक पडणार नाही, पण घोषणेतला जीव मात्र जाईल. हा फरक कोणा एका वाचकाच्या मनातला नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो सर्वांना सारखाच जाणवतो. जी गोष्ट लाखो माणसांना सारखीच जाणवते, ती शब्दाच्या वाच्यार्थाइतकीच सार्वजनिक म्हटली पाहिजे.

याच्या उलट, शब्द एकच आणि त्याच्याभोवतीची वस्ती वेगळी, असेही आमच्याकडे रोज घडते. घाटावरच्या माणसाला ‘भाट’ म्हटले की राजाची स्तुती गाणारा आठवतो. गोव्यात भाट म्हणजे माडांची बागायत आणि भाटकार म्हणजे तिचा मालक. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये आला, त्यापूर्वीची स्थिती ज्यांनी भोगली त्या घरांत ‘भाटकार’ हा शब्द केवळ मालकी सांगत नाही. ज्याच्या जमिनीवर आपले घर उभे आहे आणि जो एका शब्दाने ते रिकामे करवू शकतो, असा माणूस त्या शब्दात उभा असतो. म्हणूनच गुंठाभरही जमीन नसलेल्या एखाद्या अरेरावी अधिकाऱ्याला गावात ‘भाटकार’ म्हटले जाते आणि कोणालाही त्याचे स्पष्टीकरण लागत नाही. ‘जमीनदार’ हा प्रतिशब्द घातला तर वाच्यार्थ बराचसा जुळतो, पण ते घर आणि ती भीती त्यात येत नाही. ‘उदक’ या शब्दाचेही असेच. आमच्या घरी तहान लागली की उदक मागतात. मराठी ग्रंथांत मात्र उदक पळीतून सोडले जाते, दानाच्या वेळी हातावर घेतले जाते, आणि एखाद्या गोष्टीवर ‘उदक सोडले’ म्हणजे तिचा कायमचा त्याग केला. मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना मला दर वर्षी थांबावे लागे, कारण जे उदक त्यांच्या घरी सर्वांत साधे, तेच येथे एकदम सोवळे नेसून आलेले असे.

अशुभ टाळण्यासाठी मराठी माणूस वाच्यार्थाच्या अगदी उलट बोलतो, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नारळ वाढवणे, दुकान वाढवणे, बांगडी वाढणे यांत वाढ कोठेच नाही; फुटणे आणि मिटणे यांनाच ते नाव दिले आहे. घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, कोकणीत ‘येतां’ म्हणतो, आणि ‘जातो’ म्हटले तर आई त्याला दारातच थांबवते. आपल्या निधनवार्तांच्या स्तंभात ‘मेले’ हे क्रियापद गेल्या कित्येक वर्षांत एकदाही आले नसेल. कोशातला अर्थ तेवढाच खरा मानणाऱ्याने या स्तंभाचे काय करावे, हा प्रश्न मी गांभीर्याने विचारते आहे.

यानंतर व्यंजना, आणि तिच्यासोबत माझी चूक. २०१३ साली नववीच्या पहिल्या सत्र परीक्षेत ‘व्यंजनेचे स्वतःचे एक उदाहरण लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न मी काढला होता. बहुतेक मुलांनी ‘सूर्य अस्ताला गेला’ हे पाठ केलेले वाक्य लिहिले आणि मी त्यांना दोन्ही गुण दिले. प्रश्नात ‘स्वतःचे’ हा शब्द मीच घातला होता, याचा मला तपासताना विसर पडला. एका मुलीने लिहिले होते, ‘आमचा ट्रक दारातच उभा आहे.’ मी त्यावर लाल रेघ मारली, समासात ‘अभिधा’ असे लिहिले आणि शून्य गुण दिले. माझ्या दृष्टीने वाक्य सरळ होते : ट्रक आहे, दार आहे, आणि तो तेथे उभा आहे.

त्यानंतर काही दिवसांनी एका घरगुती कार्यासाठी मी तिच्या गावाकडे गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद होऊन तेव्हा वर्ष उलटले होते. ही बातमी मला अर्थातच ठाऊक होती, शिक्षकांच्या खोलीत रोज तीच चर्चा होती. परंतु माझ्या घरी दोन्ही पगार चालू होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांपुढे ट्रक उभे होते. कोणावर ताडपत्री बांधलेली, कोणाच्या चाकांभोवती गुडघाभर गवत वाढलेले, एकाच्या हौद्यात पावसाचे पाणी साचलेले. खाणीवरून जेटीपर्यंत खनिज वाहून नेण्यासाठी कर्ज काढून घेतलेल्या या गाड्या होत्या. खनिज नाही म्हणून फेऱ्या नाहीत, फेऱ्या नाहीत म्हणून हप्ते नाहीत. त्या ओळीत त्या मुलीचे घरही होते आणि तिचे वडील भरदुपारी ओसरीवर बसलेले होते. तिचे वाक्य मला तेव्हा समजले. आमची कमाई थांबली आहे, बँकेची माणसे येऊन जातात, पुढच्या वर्षी मी शाळेत असेन की नाही हे मला माहीत नाही, एवढे सगळे त्या पाच शब्दांत होते, आणि त्यातला एकही शब्द त्यांपैकी काहीच सांगत नव्हता. ‘दारातच’ मधला ‘च’ तर मी वाचलाही नव्हता. ट्रक दारात उभा असणे ही माहिती आहे. तो दारातच उभा असणे ही तक्रार आहे. सोमवारी शाळेत गेल्यावर मी तिचे गुण दुरुस्त केले, तिची क्षमा मागितली आणि तिच्या परवानगीने ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. त्या वर्गाला अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता पडली नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा मला पुन्हा तेच वाक्य आठवले.

हा अर्थ वाचणाऱ्याच्या मनाचा खेळ होता काय? मम्मटाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. अर्थातून दुसरा अर्थ सुचतो तो कशामुळे, याची कारणे त्याने मोजून सांगितली आहेत : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब कशी, वाक्याची घडण कशी, जवळपास आणखी कोण आहे, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता. ही प्रत्येक गोष्ट तपासून पाहता येते. ट्रकमालकाची मुलगी, डिचोली तालुका, खाणबंदीचे वर्ष आणि तो ‘च’, एवढे समोर ठेवल्यावर दुसरा कोणताही अर्थ संभवत नाही. अर्थ वाक्यातच होता. तपासणारी त्या देशात आणि त्या काळात राहत असूनही तेथे हजर नव्हती.

काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून सुचलेल्या अर्थाचा हा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याने घेतलेले एक प्रसिद्ध उदाहरण गोदावरीच्या काठचे आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना विशेष जवळची वाटावी. हाल या राजाच्या गाथासंग्रहातील त्या महाराष्ट्री प्राकृत गाथेत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, आता आपण निर्धास्तपणे हिंडावे, आपल्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारून टाकले आहे. शब्द सांगतात ‘हिंडावे’. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला अर्थ कळतो तो ‘पुन्हा इकडे फिरकू नये’ असा. विधान होकारार्थी, सुचलेला अर्थ नकारार्थी, आणि तरीही गैरसमजाला जागा नाही. गोव्यातील हिंदू घरात दुपारच्या पाहुण्याला यजमानीणबाई ‘आज सोमवार’ एवढेच म्हणतात. पाहुणा गोव्याचा असेल तर पानात नुस्ते (मासे) नसणार, आज शिवराक (शाकाहारी जेवण) आहे, हे त्याला समजते, आणि बाईंना ओशाळे होऊन काही सांगावे लागत नाही. ‘चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आली’ हे वाक्य एका गृहिणीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, सामानाची यादी करायला लावते, रंगाऱ्याला अर्धी राहिलेली भिंत दाखवते, मुंबईतल्या मुलाला तिकिटाची आठवण देते आणि ज्याच्या घरी यंदा सुतक आहे त्याला गप्प करते. चौघांचे अर्थ वेगळे आहेत, पण एकाचाही अर्थ मनमानीचा नाही.

आता वर्तमानपत्राच्या जबाबदारीविषयी, कारण त्या वाचकाच्या विधानातील सर्वांत काळजीचा भाग तोच आहे. चोरीच्या किंवा मारामारीच्या बातमीत आरोपी बाहेरच्या राज्यातला असला की मथळ्यात ‘परप्रांतीय’ हा शब्द येतो. तो येथलाच असला की त्याचा गाव क्वचितच मथळ्यात जातो. अपघातात सापडलेल्याला उचलून रुग्णालयात नेणारा मजूर ओडिशाचा किंवा बिहारचा असेल, तर मथळ्यात तो केवळ ‘युवक’ होतो. यातील प्रत्येक मथळा सुटा घेतला तर वाच्यार्थाने खरा आहे. पण वर्षभर असे मथळे वाचणाऱ्याच्या मनात ‘परप्रांतीय’ या शब्दाभोवती गुन्ह्याचा सहवास जमत जातो, आणि पुढे तो शब्द एकटा आला तरी गुन्हा बरोबर घेऊन येतो. ‘भायले’ म्हणजे केवळ बाहेरचे आणि ‘घाटी’ म्हणजे केवळ घाटावरचे, असे म्हणून या शब्दांतील तुच्छता झटकता येणार नाही. आम्ही फक्त खरे तेच छापले, असे म्हणणाऱ्याने वाच्यार्थापुरतेच उत्तर दिलेले असते.

‘बाटणे’ हा शब्द तर याहून पुढचा आहे, कारण त्याच्या वाच्यार्थातच भ्रष्ट होणे, विटाळणे हा अर्थ बसलेला आहे. गोव्याच्या इतिहासावरील मराठी लेखांत धर्मांतराचा उल्लेख आला की पुष्कळदा सवयीने हे क्रियापद लिहिले जाते. बळजबरीचा इतिहास सांगताना लेखकाला राग यावा, हे मी समजू शकते. पण तो शब्द बळजबरी करणाऱ्याला लागत नाही. ज्याच्यावर बळजबरी झाली त्याला आणि त्याच्या आजच्या वंशजाला लागतो. शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) या बहिणी आहेत असे ज्या भूमीत आजही श्रद्धेने सांगितले जाते, तेथे शेजारच्या घराविषयी हा शब्द छापू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आणखी दोन गोष्टी सुचवते. पहिली शिक्षक बंधुभगिनींसाठी. शब्दशक्ती ओळखण्याच्या प्रश्नात एकटे वाक्य देऊ नये. कोण, कोणाला, कधी, कोठे बोलत आहे हे एका ओळीत तरी द्यावे, कारण त्यावाचून व्यंजना ओळखता येत नाही, केवळ पाठ करता येते. मुलाने स्वतःचे उदाहरण लिहिले आणि ते आपल्याला अभिधेचे वाटले, तर गुण कापण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे. दुसरी गोष्ट आपल्यासाठी. भात, भाट, धोंड, शिवराक, माटोळी हे शब्द येथील मराठीचे आहेत. ते आपण बदलू नयेत. सीमेपलीकडील वाचकांसाठी आवश्यक वाटेल तेथे पहिल्या उल्लेखात चार शब्दांचा खुलासा करावा. आठवड्यातून एकदा अशा एका शब्दाला छोटी चौकट देता आली, आणि तीत त्याच्या वाच्यार्थाबरोबर तो कोणाच्या तोंडी असतो, कधी टाळला जातो, कधी टोचतो हेही नोंदवता आले, तर पुढच्या कोशकारांना ते फार उपयोगी पडेल.

२०१३ पासून मी अशा शब्दांची एक वही ठेवली आहे. आपली इच्छा असेल तर तिची प्रत मी आपल्या कार्यालयात पोचवीन. तिच्यात डिचोली आणि सत्तरीचे शब्द पुष्कळ आहेत, फोंड्याचे काही आहेत, परंतु काणकोण, सांगे आणि केपे या तालुक्यांतील फारसे नाहीत. तिकडच्या वाचकांनी ते आपल्याकडे कळवावेत.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
डिचोली, गोवा